लहानू थूल यांनी न लिहिलेलं वाक्य

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत थूल सरांचा वर्षातला पहिला तास म्हणजे एक तमाशाच असे. सर गॅल्व्हानोमीटर टेबलावर मांडत, पोरांना भोवती उभं करत, तारा जोडत आणि बॅटरीचं शेवटचं टोक हातात धरून हुकूम सोडत, "सारे पाठ फिरवा." पोरं पाठ फिरवत. सरही फिरवत. मग हात मागे नेऊन ते टोक लावत आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या पलटणीला विचारत, "सांगा, काटा कुठी हाय?"

कोणीतरी धीर करून म्हणे, "सर, पाहिल्याशिवाय कसं सांगणार?"

"तुले नाई सांगता येत. पन काट्याले काय अडचन हाय? तो गेला ना त्याले जाचं तिथं. तुह्या परवानगीची वाट पाहून राह्यला काय तो?"

पोरं हसत आणि विसरून जात. त्या थट्टेवर हा माणूस आपली सगळी कारकीर्द लावून बसला आहे, हे त्या पोरांना कुठून ठाऊक असणार? आम्हा सहकाऱ्यांनाही ते पुष्कळ उशिरा कळलं.

थूल सर ते विद्यार्थ्यांचे. मी त्याला लहानू म्हणायचो, तेव्हा इथेही तसंच म्हणतो. मी रसायनशास्त्राचा, आणि आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच भिंत होती. तो मला नावाने कधी हाक मारत नसे. "काऊन गा, केमिस्ट्री?" असं म्हणत तो दारात उभा राहायचा. रोहण्याचा हा माणूस, आर्वी तालुक्यातला. बाप जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचा. लहानू शिष्यवृत्तीवर शिकत शिकत एम. एस्सी. झाला आणि वर्ध्याला आमच्याकडे लेक्चरर म्हणून आला. अंगाने काटकुळा, आवाज मात्र बाजारात लिलाव पुकारावा असा. कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. राहायला बोरगाव मेघेला, तिथून सायकलने यायचा. स्टाफरूममधल्या माठाजवळ तो आला की काही मंडळींना एकाएकी तहान लागेनाशी व्हायची. लहानूच्या हे ध्यानात येत नसे असं नाही. तो मुद्दाम दोन पेले पाणी प्यायचा, आणि तेही सावकाश.

त्याचा विषय काय होता ते मी सांगतो. मला समजला तेवढाच सांगतो, आणि चुकलो तर तो दोष केमिस्ट्रीचा. अणूच्या जगात एखादी गोष्ट एकाच वेळी दोन शक्यता बाळगून असते. गणित म्हणतं, दोन्ही आहेत. पण आपण मोजायला गेलो की यंत्र एकच उत्तर देतं. दोहोंतून एक झालं ते कुठे, आणि कोणी केलं? त्या काळात बडी बडी माणसं सांगत होती की हे पाहणाऱ्याच्या मनात होतं. पाहणारा पाहतो आणि जग ठरतं. लहानूला हे उत्तर ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

"यंत्र कशाचं बनलं हाय?" तो मला विचारायचा. आम्ही जेवणाच्या सुट्टीत कॉलेजमागच्या कडुलिंबाखाली डबे उघडून बसलेलो असायचो. "अणूचंच ना? मोजता येनार नाई इतक्या अणूचं. मंग एकट्या अणूचा हिशेब लावता अन् ह्या गर्दीचा काऊन लावत नाई? हे पाय, रोहण्याचा कापूस एका गाडीत हाय अन् समुद्रपूरचा एका गाडीत. दोन्ही जिनात टाकले, रुई निंगाली, हवेनं उडाली, एकच ढीग झाला. आता काढून दे मले रोहण्याचा वेगळा. देतं?"

"नाही बुवा."

"कोनी पाह्यलं म्हून झालं काय हे? गर्दीनं झालं. उलटं जाची वाटच नाई राह्यली. माहं मोजमाप हे असं हाय."

त्याने यंत्राला असंख्य कणांची गर्दी मानलं आणि गर्दीचं जे गणित असतं, वायूच्या उष्णतेचं, सरासरीचं, परत न फिरणाऱ्या बदलांचं, ते मोजमापाला लावलं. मोजणारं यंत्र हे मुळात काठावर बसवलेलं असतं, असं तो म्हणे. जरासा धक्का लागला की सगळी गर्दी एका बाजूला कलंडते, आणि एकदा कलंडली की दोन शक्यता पुन्हा एकमेकींना भेटू शकत नाहीत. इथे कोणी बघ्या लागत नाही. वर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे नवं मासिक यायचं ते सहा महिने जुनं होऊन, तिथे बसून या माणसाने ही मांडणी पानांमागून पानं गणिताने उभी केली. मी ती पानं पाहिली आहेत. कळली नाहीत, पण अक्षर सुंदर होतं.

बाहेरगावच्या एका विद्यापीठात त्याचा प्रबंध नोंदवलेला होता. मार्गदर्शक मोठे विद्वान गृहस्थ. त्यांचं नाव मी देत नाही. आमचे प्रिन्सिपॉल लहानूला म्हणाले होते, "थूल, डॉक्टरेट घेऊन या, विभाग तुमचा." विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. लहानूच्या खालोखाल जोशी म्हणून एक जण होता. माणूस गोड आणि हुशार, पण लहानूच्या पासंगालाही न पुरणारा. तेव्हा त्या प्रबंधाला काय लटकलेलं होतं ते स्टाफरूममधल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. रोहण्याच्या हमालाचा मुलगा पदार्थविज्ञानाचा प्रमुख होणार की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

छप्पनच्या दसऱ्याला लहानू बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परतला. मग स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, की याला द्रष्टा, आत्मा वगैरे नको आहे तो नव्या धर्मामुळे. एकदा ते त्याच्या तोंडावर बोललं गेलं. लहानू खडू झटकत म्हणाला, "साहेब, प्रकरन लिवलं दीक्षेच्या तीन वर्सं आधी. कारन काय कार्यानंतर येते? फिजिक्सवाले व्हा जरा." बोलणारा इतिहासाचा होता. तो त्यानंतर बरेच दिवस आमच्या बाजूला फिरकला नाही.

सत्तावनच्या हिवाळ्यात मार्गदर्शक वर्ध्याला आले. आमच्या कॉलेजातच त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, 'दृश्य आणि द्रष्टा'. ते झालं की लहानूने आपल्या कामाचं छोटंसं प्रात्यक्षिक दाखवायचं, असं ठरलं. प्रात्यक्षिक माझ्या खात्यातलं होतं. फोटोग्राफर वापरतात तो हायपो घ्यायचा, चंबूत घालून गरम करायचा, तो आपल्याच पाण्यात विरघळतो. मग हळूहळू थंड होऊ द्यायचा. खरं तर थंड झाल्यावर त्याने गोठायला हवं, पण न हलवता ठेवला तर तसाच पातळ राहतो, काठावर बसून. आणि हायपोचा एक कण वरून टाकला की बघता बघता अख्खा चंबू पांढरा दगड होतो, आणि चांगला गरम होतो. "हेच माहं यंत्र," लहानू म्हणायचा. "कन एवढासा, अन् बातमी साऱ्या गावाले."

ती उष्णता मागच्या बाकांवरच्यांनाही दिसावी म्हणून त्याने एक युक्ती काढली. चंबूच्या पोटावर बाहेरून तुपाचा एक गोळा चिकटवायचा. थंडीत तूप घट्ट असतं. चंबू गोठला की गरम होणार, आणि तूप ओघळून खाली येणार. तूप बोरगावहून त्याच्या घरून आलं. आदल्या दुपारी आम्ही दोन चंबू भरले, तूप लावलं, आणि बुचं नव्हती म्हणून तोंडात रुईचे बोळे कोंबले. आमच्याकडे बुचांची कायम बोंब आणि रुई मात्र सगळीकडे. जिनिंगच्या दिवसांत ती खिडकीतून आपोआप आत यायची. बोळे ज्या टेबलावर वळले त्याच टेबलावर हायपो तोलला होता, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खोलीला कुलूप घालून आम्ही घरी गेलो.

सकाळी व्याख्यान झालं आणि उत्तम झालं. मार्गदर्शकांची वाणी रसाळ होती. नवं विज्ञान ऋषींच्या वाटेने चाललं आहे, पाहणाऱ्याविना काही नाही, दीप नसेल तर खोलीत वस्तू आहेत असं म्हणायला आधार काय, वगैरे. सभागृह डोलत होतं. मग सगळे प्रयोगशाळेकडे निघाले. मी कुलूप काढलं. पाहतो तर एक चंबू पातळ, आणि दुसरा गोठून पांढरा! बोळ्याला चिकटलेला एखादा कण आत पडला असणार. मागून कोणीतरी हसलं, आणि जोशी कळवळून म्हणाला, "अरेरे, प्रयोग फसला."

लहानूने गोठलेला चंबू उचलला. तो पाहत होता तो चंबूच्या पोटाकडे. तुपाचा गोळा जागेवर नव्हता. तूप ओघळून तळाशी आलं होतं आणि तिथे पुन्हा घट्ट झालं होतं. काचेवर त्याची वाट स्पष्ट दिसत होती.

"फसला नाई," लहानू म्हणाला. "याच्यापरीस चांगला मले करता आला नसता. सर, हात लावून पाहा. चंबू थंडगार हाय."

मार्गदर्शकांनी हात लावला. "थंड आहे. बरं मग?"

"म्हंजे तो गोठला, गरम झाला, तूप वितयलं, खाली आलं, चंबू थंडा झाला, तूप पुन्हा गोठलं. हे सारं बंद खोलीत झालं, सर. कुलूप होतं. खोलीत दीपही नव्हता अन् द्रष्टाही नव्हता."

मार्गदर्शक हसले. विद्वान होते ते, उगाच नव्हते. शांतपणे म्हणाले, "थूल, तुपाचा हा ओघळही तुम्ही आत्ताच पाहिलात ना? पाहण्यापूर्वी तो होता, हे तुम्ही कशावरून म्हणता? आणि तुमची ती गर्दी मला सांगते की दोन शक्यता पुन्हा भेटणार नाहीत. मान्य. पण दोहोंतली हीच का उरली, हे ती सांगत नाही."

हा दुसरा वार वर्मी लागला. लहानूनेच मला कडुलिंबाखाली अनेकदा सांगितलं होतं, की तिथे येऊन आपलं गणित थांबतं. तो म्हणाला, "हीच काऊन उरली, ते मले माहीत नाई. खरंच नाई. पन मले माहीत नाई म्हून तिथं कोनाले बसवू काय?"

"बसवायचं नाही. तो आहेच. जे कोणी पाहिलं नाही त्याला अस्तित्व कसलं?"

इथे लहानूने थांबायला हवं होतं. मी त्याचा कोट मागून ओढला. तो थांबला नाही. आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तसा तो उतरलेला मी तोवर ऐकला नव्हता.

"सर, आमच्या वस्तीकडे पिढ्यान्‌पिढ्या कोनी पाह्यलं नाई. वरून जानारा तोंड फिरवून जाये. मंग आमी नव्हतो काय? माहा बाप नव्हता? त्याच्या पाठीवरचा बोजा नव्हता? कोनी पाह्यल्यावर आमी झालो काय?"

मार्गदर्शकांचा चेहरा लाल झाला आणि मग पांढरा. प्रिन्सिपॉलांनी चहाची आठवण काढली. दुसरा चंबू तसाच पातळ राहिला. त्यात कण टाकायचं कोणाला सुचलं नाही.

महिन्याभराने विद्यापीठाकडून निरोप आला. प्रबंध चांगला आहे, गणित निर्दोष आहे. फक्त शेवट अपुरा आहे. शेवटी लेखकाने एवढं नमूद करावं, की अनेक शक्यतांतून एकीची अंतिम निवड पाहणाऱ्याच्या जाणिवेने होते. एक वाक्य. ते घातलं की पदवी. मार्गदर्शक सूडबुद्धीने वागले असं मी म्हणणार नाही. त्यांना ते वाक्य खरंच खरं वाटत होतं. पण ते दुसऱ्याच्या सहीखाली हवं होतं, याचा मला आजही राग येतो.

लहानू म्हणाला, "नाई."

मी त्याला खूप समजावलं. प्रिन्सिपॉलांनी समजावलं. शेवटी एका रविवारी मी सायकल मारत बोरगावला गेलो, म्हटलं वहिनींनाच सांगावं. सखूवहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. लहानू ओसरीवर बसून काहीतरी लिहीत होता, मान वर न करता.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला. एका वाक्याचा प्रश्न आहे. एकदा पदवी हातात आली की पुढे आयुष्यभर त्या वाक्याच्या विरुद्ध लिही म्हणावं."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "भाऊजी, मले थे फिजिक्स समजत नाई. पन त्यायनं जर खोटं वाक्य लिवलं, तर थे वाक्य राह्यनार कुठी? ह्याच घरात ना? रोज सकायी उठून मले त्याच्याच तोंडाकडे पाहा लागन."

ओसरीवरून लहानू हसला. "ऐकलं, केमिस्ट्री? वाक्य एकच हाय, हे खरं हाय. दहा असते तर नऊ लिवले असते, एक खोडलं असतं. एकच हाय म्हून तर अडचन हाय." मग तो गंभीर झाला. "अन् मले नको हाय काय थे पद? लय पाह्यजे. बाप हाय अजून. त्याले एकदा त्या खुर्चीवर बसून दाखवाचं होतं मले. रोज वाटते."

मी चहा पिऊन परत आलो. वाटेभर त्याच्यावर चिडलो होतो.

त्याने प्रबंध पुन्हा पाठवला. नवा टाइप करून, नवी बांधणी करून, आणि एक अक्षर न बदलता. उलट शेवटी एक पान वाढवलं होतं. त्याला मथळा दिला होता, 'मला जे ठाऊक नाही ते'. दोन शक्यतांतून हीच का उरते याचं उत्तर माझ्या मांडणीत नाही, ते पुढच्यांनी शोधावं, आणि सापडेपर्यंत त्या जागी काहीही ठेवू नये, असं त्यात साफ लिहिलं होतं. मी म्हटलं, "अरे, हा प्रबंध आहे की कबुलीजबाब?" तो म्हणाला, "बिनउत्तराची जागा बिनउत्तराची ठेवाले हिंमत लागते गा. झाकाले काय, कोनीही झाकते."

प्रबंध नामंजूर झाला. विभाग जोशीकडे गेला. जोशी लाजत लाजत खुर्चीवर बसला, आणि पहिल्याच दिवशी लहानूने त्याला मोठ्या आवाजात "नमस्कार, सर" असं म्हटलं. त्यात कुठे कडवटपणा नव्हता, पण नमतेपणाही नव्हता. पहिल्या तासाला पोरांच्या पाठी फिरवणं चालूच राहिलं. माठातलं पाणी दोन पेले चालूच राहिलं. बापाला मात्र त्याने सगळं सांगितलं. म्हातारा म्हणे एवढंच बोलला, "बोजा तुहा तूच उचलला ना? मंग झालं."

एकोणसाठच्या उन्हाळ्यात लहानू गेला. मे महिना, परीक्षेचं काम आटोपून भर दुपारी सायकलने बोरगावला निघाला होता. घरी पोचला, पाणी मागितलं आणि पडला. वर्ध्याचं ऊन माणूस बघत नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. मी पोचलो तेव्हा अंगणात रोहण्याची माणसं गोळा झाली होती. मी रडलो, चारचौघांत रडलो, त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही.

कॉलेज उघडल्यावर शोकसभा झाली. सभागृह तेच, 'दृश्य आणि द्रष्टा'वालं. सखूवहिनींना पुढच्या रांगेत बसवलं होतं, पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावर पदर. एकेक जण उठून चांगलं बोलत होता. माठापासून दूर पळणारेही बोलले. मग जोशी उठला. मनापासून बोलला. शेवटी म्हणाला, "थूल सरांसारख्या बुद्धिवंताची डॉक्टरेट केवळ एका वाक्यासाठी हुकली, हे त्यांचं दुर्दैव आणि आपलंही."

वहिनी उभ्या राहिल्या. सभेत बाईमाणसाने मधेच उठावं असं आमच्याकडे तेव्हा होत नसे. जोशी थांबला. अध्यक्षांना वाटलं, त्यांना बरं वाटत नसेल. त्यांनी पाण्यासाठी शिपायाला खूण केली.

"पानी नोको," वहिनी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचला. "साहेब, तुमी चांगलं बोलले. पन एक दुरुस्त करा. हुकली नाई. त्यायनं सोडली."

आणि खाली बसल्या.

शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात. मी वाजवल्या.